लेव्हच्या देशात परक्याचा पगार

बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, नोकरीला आलेल्या परदेशी माणसाला पहिल्या आठवड्यातच एक आकडा पाठ व्हायचा : १.९५५८३. एका युरोला इतके लेव्ह, म्हणजे तेव्हाचे इथले चलन. रोज सकाळी बँकेच्या फलकावर जाऊन पाहावा असा हा दर नव्हता, कारण तो बदलतच नसे. रुपया घसरो, पौंड कोसळो, डॉलर चढो, युरो आणि लेव्ह यांचे नाते पाच दशांश स्थळांपर्यंत जिथल्या तिथे. मुळात हा आकडा बल्गेरियाचा नव्हेच. जर्मनीने आपला मार्क युरोत विलीन केला तेव्हा एका युरोला १.९५५८३ मार्क असा दर ठरला होता. २००२ मध्ये जर्मनीच्या बाजारातून मार्काच्या नोटा गेल्या. बल्गेरियाच्या लेव्हने मात्र मार्काची किंमत पुढे २४ वर्षे जशीच्या तशी सांभाळली. १ जानेवारी २०२६ रोजी बल्गेरिया युरो वापरणारा २१ वा देश झाला, तेव्हा कुठे तो जुना हिशेब मिटला.

मी पेशाने हिशेबनीस. वाढले लालबागला, चाळीत. एका परदेशी कंपनीच्या लेखा विभागात नोकरी लागली म्हणून सोफियात आले आणि राहिले. पगार इथे घेते, म्लादोस्त नावाच्या वसाहतीत भाड्याने राहते, उरलेले घरी पाठवते. परदेशी लोक जमले की गप्पांत एक वाक्य हमखास येते : इथे सगळे स्वस्त आहे, कर कमी आहे आणि चलन स्थिर आहे. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या आयत्या आलेल्या नाहीत. या स्थैर्याचे मोल इथल्या एका अख्ख्या पिढीने आपल्या आयुष्यभराच्या साठवणीतून चुकते केले आहे, आणि आम्ही बाहेरून आलेले लोक त्या मोलावर जगतो. हे मला पुस्तकांतून कमी आणि माझ्या घरमालकिणीकडून जास्त कळले. मी त्यांना इथल्या रिवाजाप्रमाणे लेल्या म्हणते, म्हणजे मावशी. त्या माझ्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. त्याही हिशेबनीस. पोलादाच्या कारखान्यात लेखा विभागात त्यांची हयात गेली.

लेल्यांचा जन्म १९४२ चा. लेव्ह त्यांच्याहून कितीतरी जुना. ऑटोमन सत्तेतून देश मोकळा झाल्यावर १८७९ मध्ये बल्गेरियन नॅशनल बँक स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी कायद्याने लेव्ह जन्माला आला. तेव्हा त्याचा तोल फ्रान्सच्या फ्रँकशी जुळवलेला होता. नव्या, छोट्या देशाच्या नाण्यावर बाहेरच्या व्यापाऱ्याने विश्वास ठेवावा, यासाठी मोठ्या देशाच्या चलनाचा हात धरणे ही युक्ती इथे अशी पहिल्या दिवसापासूनची आहे. पुढे दोन्ही महायुद्धांत बल्गेरिया हरलेल्या बाजूला राहिला आणि त्याची भरपाई लेव्हलाही करावी लागली.

१९४७ च्या मार्चमध्ये कम्युनिस्ट सरकारने नोटा बदलल्या. माणशी ठरावीक रक्कमच हातात मिळाली, बाकीची खात्यात गोठली. १९५२ मध्ये भावांच्या हिशेबात शंभर जुन्या लेव्हचे चार नवे झाले. १९६२ मध्ये दहाचा एक झाला. लेल्या तेव्हा विशीच्या होत्या आणि नुकत्या नोकरीला लागल्या होत्या. घरातल्या मोठ्यांनी त्यांना एकच शहाणपण शिकवले होते : कागदावर विश्वास ठेवायचा तो आजच्यापुरता. जमले तर वस्तू घे, वीट घे, गावाकडे जमीन राख.

समाजवादी काळात भाव सरकार ठरवी, त्यामुळे महागाई दिसत नसे. दिसत असे ती रांग. मोस्कविच किंवा लाडा मोटारीसाठी आगाऊ पैसे भरून लोक वर्षानुवर्षे थांबत. घरासाठी सरकारी बचत बँकेत वेगळे खाते काढावे लागे आणि त्यात महिन्यामहिन्याला भर घालत राहायचे. या काळातही परदेशी माणूस सोफियात होता, पण त्याचे दोन वर्ग होते, आणि कोण कोणत्या वर्गात हे त्याच्या खिशातल्या चलनावरून ठरे.

वरच्या वर्गाची खूण म्हणजे कोरेकोम. ही सरकारी दुकानांची साखळी होती, पण तिथे लेव्ह चालत नसे. डॉलर, मार्क किंवा त्यांच्या बदल्यात मिळणाऱ्या पावत्या लागत. काचेपलीकडे स्कॉच व्हिस्की, जीन्स, पाश्चात्त्य चॉकलेट, खेळण्यातल्या मोटारी. आपल्याच देशात आपलेच चलन ज्या दुकानात चालत नाही, त्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभी राहिलेली मुले आज पन्नाशीत आहेत, आणि सोफियात कुणालाही कोरेकोमचे नाव काढून विचारा, तिथल्या वासाचीसुद्धा आठवण सांगतात. राजदूतावासातले लोक, पर्यटक आणि परदेशी विद्यार्थी तिथे सहज जात. बल्गेरियन माणसांत ही वाट मिळे ती मुख्यतः परदेशात काम करून आलेल्यांना. लिबिया, इराक अशा देशांत बल्गेरियाचे अभियंते, डॉक्टर, परिचारिका आणि बांधकाम कामगार हजारोंनी जात. लेल्यांचा थोरला भाऊ लिबियात रस्त्यांच्या कामावर होता. त्याच्या परकीय चलनातल्या कमाईमुळे त्याला मोटार रांग चुकवून मिळाली. घरात त्याचा मान त्या मोटारीमुळे वाढला, असे लेल्या सरळ सांगतात.

दुसरा वर्ग व्हिएतनामी कामगारांचा. ऐंशीच्या दशकात दोन सरकारांतल्या करारावर ते हजारोंच्या संख्येने इथल्या कारखान्यांत आणि बांधकामांवर आले. पगार लेव्हमध्ये, आणि लेव्ह सीमेपलीकडे कवडीमोल. घरी पैसे पाठवायचे तर कसे? पूर्व युरोपभर या कामगारांनी काढलेला मार्ग एकच होता : पगाराच्या वस्तू घ्यायच्या आणि घरी त्या पाठवायच्या. आज मी मोबाइलवर चार बटणे दाबून मुंबईला पैसे पाठवते, तेव्हा मला त्या लोकांची आठवण येते. स्थलांतरिताची कमाई त्याच्या पगाराच्या आकड्यावर मोजून चालत नाही. तो आकडा घरापर्यंत पोहोचतो का, यावर ती ठरते. राजवट कोसळल्यावर त्या बहुतेक कामगारांना १९९० च्या आसपास परत पाठवण्यात आले.

१० नोव्हेंबर १९८९ रोजी कम्युनिस्ट नेते तोदोर झिवकोव्ह यांची सत्ता गेली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सक्तीच्या नामांतराला कंटाळून तीन लाखांहून अधिक तुर्की बल्गेरियन घरे, गुरे मिळेल त्या भावाला विकून तुर्कस्तानात निघून गेले होते. देशावर सुमारे १,००० कोटी डॉलरचे परकीय कर्ज होते. मार्च १९९० मध्ये सरकारने हप्ते थांबवले आणि बाहेरून पैसा येणे बंद झाले. फेब्रुवारी १९९१ मध्ये भाव मोकळे सोडले आणि त्या एका वर्षात महागाई तीनशे टक्क्यांच्या पुढे गेली. घरासाठी वीस वर्षे भरलेल्या बचत खात्यातल्या पैशांत घराचे दारसुद्धा येईना. पुढे कायदा करून या खातेदारांना काही भरपाई देण्यात आली, पण ज्या वयात घर हवे होते ते वय निघून गेले होते.

सोफियाच्या रस्त्यांवर तेव्हा एक नवी पाटी उगवली : चेंज. पानाच्या टपरीएवढी ती दुकाने, भिंतीवर डॉलर आणि मार्क यांचे दर, आत नोटा मोजणारा माणूस. पगार झाला की त्याच दुपारी लोक तिथे जात. लेल्यांचीही तीच सवय. महिन्याच्या किराण्यापुरते लेव्ह ठेवायचे आणि बाकीचे लगेच मार्कांत बदलायचे. भाडेकरू आणि मालक बोलू लागले ते मार्कांत, घराचा सौदा ठरे तो डॉलरांत. जिथे विश्वास नसतो तिथे माणसे आपापला विश्वास बाहेरून विकत आणतात. हा रिवाज इतका मुरला की पुढे लेव्ह लोखंडासारखा घट्ट झाल्यावरही सोफियातली घरे आणि भाडी युरोतच सांगितली जात. मी आले तेव्हा माझ्या घराचे भाडे लेल्यांनी युरोत सांगितले आणि लेव्हमध्ये घेतले, यामागे ही तीस वर्षे होती.

खरा घाव पडला तो १९९६-९७ च्या हिवाळ्यात. नव्वदच्या दशकात निघालेल्या खासगी बँकांनी आणि सरकारी बँकांनीही बुडणाऱ्या कारखान्यांना आणि ओळखीच्यांना बेसुमार कर्जे दिली होती. परतफेड नव्हती. मध्यवर्ती बँक नोटा छापून त्यांना जगवत होती. १९९६ मध्ये ठेवीदारांनी दारे ठोठावायला सुरुवात केली. फर्स्ट प्रायव्हेट बँक, मिनरलबँक अशी मोठी नावे त्याच वर्षी बुडाली आणि देशातल्या बँकांपैकी सुमारे एक तृतीयांश बंद पडल्या. त्यातच गहू भरमसाट निर्यात झाला होता आणि पावासाठी रांगा लागल्या. १९९५ च्या अखेरीस एका डॉलरला सुमारे ७० लेव्ह मिळत, वर्षभराने जवळजवळ ५००, आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये सुमारे ३,०००. त्या एका फेब्रुवारीत भाव २४० टक्क्यांनी वाढले. म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेला शंभराला असलेली वस्तू अखेरीस तीनशे चाळीसला.

लेल्यांकडे त्या हिवाळ्याची हिशेबाची वही आहे. निळ्या शाईतले आखीव आकडे, आणि एकेका नोंदीवर दोन-दोन वेळा काट मारून वर लिहिलेला नवा भाव. डिसेंबरपर्यंत बेरजा आहेत. जानेवारीत बेरजा थांबतात. मी विचारले, "लेल्या, पुढच्या महिन्यांचे हिशेब का नाहीत?" त्या म्हणाल्या, "अगं, बेरीज कशाची करू? सकाळी लिहिलेला आकडा आणि संध्याकाळचा आकडा एकाच पैशाचे नव्हते." हिशेबाचे काम करणाऱ्या माणसाने बेरीज सोडून देणे म्हणजे काय, हे मला माझ्या पेशामुळे खोल लागले. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, स्त्रियांच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे. निवृत्तिवेतन महिन्याला काही डॉलरांवर आले होते.

आता १९९७ च्या त्या फेब्रुवारीत सोफियात असलेल्या परदेशी माणसाकडे पाहा. त्याचा पगार डॉलरांत. शंभर डॉलर बदलले की तीन लाख लेव्ह. जो हिवाळा शहराला उपाशी ठेवत होता, त्याच हिवाळ्यात हा माणूस राजासारखा जेवू शकत होता, घर घेऊ शकत होता. त्या काळातल्या परदेशी लोकांच्या आठवणींत सोफिया फार स्वस्त होते, असे येते. ते स्वस्त नव्हते. ते कोसळलेले होते, आणि कोसळलेल्या घराच्या विटा नेहमीच स्वस्त मिळतात.

शहर जगले ते गावांमुळे. सप्टेंबरमध्ये आजही म्लादोस्तच्या गच्च्यांवर भाजलेल्या ढोबळ्या मिरच्यांचा वास भरतो. टोमॅटो आणि मिरचीची ल्युतेनित्सा, लोणची, मुरांबे, शिजवून बरणीबंद केलेले मांस असा हिवाळ्याचा साठा घरोघरी होतो. त्याला झिमनिना म्हणतात. १९९७ मध्ये हा साठा हौसेचा नव्हता. गावाकडच्या आईवडिलांनी बसने पाठवलेल्या बरण्यांवर शहरातल्या लाखो कुटुंबांनी तो हिवाळा काढला. लेल्या हे सांगतात तेव्हा मला आमची चाळ दिसते. १९८२ च्या गिरणी संपात बाबांचा पगार थांबला आणि कोकणातून आलेल्या तांदळाच्या आणि कुळथाच्या गोणीवर आमच्या घराने ते दिवस काढले. पैशाची व्यवस्था मोडते तेव्हा माणसाला त्याचे मूळ गाव पोसते, हे लालबागलाही ठाऊक आहे आणि सोफियालाही.

१० जानेवारी १९९७ रोजी जमाव संसदेत घुसला. महिनाभर रस्ते अडवले गेले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला समाजवादी पक्षाने नवे सरकार बनवण्याचा हक्क सोडला, स्तेफान सोफियान्स्की यांचे काळजीवाहू सरकार आले आणि एप्रिलच्या निवडणुकीनंतर इव्हान कोस्तोव्ह पंतप्रधान झाले. १ जुलै १९९७ पासून चलन मंडळाची व्यवस्था लागू झाली. अमेरिकी अर्थतज्ज्ञ स्टीव्ह हँके ही कल्पना १९९१ पासून मांडत होते, आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनेही आता तिचाच आग्रह धरला. नियम कडक होते. एक हजार लेव्ह म्हणजे एक जर्मन मार्क. मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत जेवढे परकीय चलन, तेवढेच लेव्ह बाहेर. सरकारला कर्ज द्यायचे नाही, बुडणाऱ्या बँकेसाठी नोटा छापायच्या नाहीत, व्याजदर आपल्या मर्जीने हलवायचे नाहीत. थोडक्यात, देशाने आपल्या चलनावरचा आपलाच हक्क गहाण टाकला. ५ जुलै १९९९ रोजी तीन शून्ये पुसली आणि एक नवा लेव्ह एका मार्काबरोबर झाला.

भाव थांबले. पण थांबले ते कुठल्या पातळीवर? पगार आणि निवृत्तिवेतने तळाशी असतानाच दर गोठला होता. पुढे वर चढणे फार सावकाश झाले. परदेशी गुंतवणूकदाराला बल्गेरियन मजुरी स्वस्त दिसली ती यामुळे, आणि बल्गेरियन माणूस देश सोडून गेला तोही यामुळे. १९८९ मध्ये ९० लाखांच्या जवळ असलेली लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ६५ लाखांवर आली होती. त्या जाणाऱ्यांत परिचारिकाही होत्या. लिबियात बेंगाझीच्या मुलांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या पाच बल्गेरियन परिचारिकांना १९९९ मध्ये अटक झाली. मुलांना मुद्दाम एचआयव्हीची बाधा केल्याचा आरोप ठेवून त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. त्या २४ जुलै २००७ रोजी सुटल्या. सोफियाच्या विमानतळावर त्या उतरल्या तेव्हा सारा देश दूरचित्रवाणीसमोर होता. परदेशातल्या चार पैशांच्या पगाराची किंमत किती होऊ शकते, हे या देशाला त्या आठ वर्षांनी शिकवले. आपल्याकडे आखाती देशांत माणसे पाठवणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

बल्गेरियन माणसे बाहेर जात असतानाच ब्रिटिश माणसे आत येत होती. २००३ पासून २००८ पर्यंत व्हेलिको तिर्नोव्होच्या, यांबोलच्या आसपास रिकामी पडलेली खेड्यातली घरे त्यांनी घेतली. बल्गेरियात परकीय नागरिकाला जमीन घेता येत नसे, म्हणून ते इथे एक छोटी कंपनी स्थापन करत आणि अंगणाची मालकी तिच्या नावे घेत. त्यांच्यातले बरेच निवृत्त. पेन्शन पौंडांत, खर्च लेव्हमध्ये. २००७ मध्ये पौंडाला सुमारे २.९० लेव्ह मिळत, म्हणजे एक हजार पौंडांचे २,९०० लेव्ह. २००८ च्या अखेरीस पौंड जवळजवळ दोन लेव्हवर आला. घर तेच, दूधवाला आणि लाकूडवालाही तेच, आणि उत्पन्न मात्र नऊशे लेव्हने कमी. परदेशी चलनाच्या जोरावर जगणाऱ्याला आपलेही चलन पडू शकते, हे तेव्हा कळले. या वेळी घट्ट राहिला तो लेव्ह.

माझा हिशेब या पेन्शनरांच्या उलट आहे. मी इथल्या चलनात कमावते आणि माझी देणी रुपयांत आहेत. २०१० च्या सुमारास एका लेव्हचे तीस-एकतीस रुपये येत, २०२५ च्या उत्तरार्धात पन्नासच्या पुढे. घरच्यांना वाटते पगार वाढला. पगार तेवढाच असतो, रुपया खाली गेलेला असतो. म्हणून नव्याने येणाऱ्या मराठी मुलांना मी सांगते : कर्ज घ्यायचेच तर जिथे कमावता तिथल्या चलनात घ्या, आणि सहा महिन्यांचा खर्च इथेच, इथल्या चलनात ठेवा. सगळे घरी पाठवून रिकाम्या हाताने राहू नका. हिवाळ्याचा खर्च उन्हाळ्यातच बाजूला काढा. सामूहिक हीटिंगला इथे पार्नो म्हणतात. तुम्ही खोलीतला हीटर बंद ठेवला तरी इमारतीतून जाणाऱ्या नळांच्या उष्णतेतला तुमचा वाटा बिलात येतो. प्लेव्हेन, प्लोव्दिव्ह, व्हार्ना इथे वैद्यकीय शिक्षणाला आलेल्या मुलांच्या पालकांनी तर हे आधीच विचारून घ्यावे.

बँकेबद्दलही एक धडा आहे. जून २०१४ मध्ये देशातली चौथ्या क्रमांकाची कॉर्पोरेट कमर्शियल बँक ठेवीदारांच्या गर्दीने बंद पडली. प्रत्येक बँकेत एक लाख युरोपर्यंतची ठेव सुरक्षित असते, हा युरोपीय संघाचा नियम. पैसे मिळालेही, पण वाटप सुरू झाले ते डिसेंबरमध्ये. सहा महिने माणसे आपल्याच पैशांकडे बघत बसली. त्यानंतर इथले बरेच लोक ठेव दोन-तीन बँकांत विभागतात, आणि मीही तेच करते.

आता करांकडे येते, कारण परदेशी माणसाला इथे ओढणारी ती सर्वात मोठी गोष्ट. २००८ पासून वैयक्तिक उत्पन्नावर सरसकट दहा टक्के कर आहे. एप्रिल २०२५ नंतरचे त्या वर्षीचे आकडे घेऊ. कर्मचाऱ्याच्या पगारातून सामाजिक आणि आरोग्य विम्याची १३.७८ टक्के कपात होत असे, पण ती दरमहा ४,१३० लेव्हपर्यंतच्या पगारावरच. दहा हजार लेव्ह पगार असलेल्या परदेशी अभियंत्याची कपात होई ५६९ लेव्ह, उरलेल्यावर कर ९४३. एकूण पगाराच्या सुमारे १५ टक्के. किमान वेतन होते १,०७७ लेव्ह. ते घेणाऱ्या, आमच्या कचेरीत पहाटे फरशी पुसणाऱ्या बाईंची कपात १४८ लेव्ह आणि कर ९३, कारण करमुक्त मर्यादा नाहीच. एकूण २२ टक्क्यांहून जास्त. पगारपत्रके माझ्या टेबलावरून जातात, त्यामुळे हे दोन आकडे मला रोज शेजारी शेजारी दिसतात. आम्ही ज्याला कमी कर म्हणतो, तो सर्वांसाठी कमी नाही.

युरो येणार हे ठरले तेव्हा, ८ ऑगस्ट २०२५ पासून, दुकानांतल्या प्रत्येक वस्तूवर दोन्ही चलनांतले भाव लावणे सक्तीचे झाले. त्या वर्षी युरोविरोधी मोर्चेही निघाले. बाहेरच्यांना नवल वाटले, कारण दर तर १९९७ पासून बांधलेलाच होता. मला वाटले नाही. लेल्यांच्या आयुष्यात नोटा बदलण्याची ही पाचवी वेळ. १९४७, १९५२, १९६२, १९९९ आणि आता. आधीच्या काही बदलांत साठवलेले गेले होते. ज्या माणसाला बदल म्हणजे नुकसान असेच अनुभवाने शिकवले आहे, त्याच्या भीतीला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. जानेवारी २०२६ मध्ये मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले. एक एक नोट मोजून त्यांनी दिली, युरो मोजून घेतले आणि घरी येऊन वहीत नोंद केली. नव्या एक युरोच्या नाण्यावर रिलाचे संत इव्हान आहेत. त्यांनी ते नाणे उजेडात धरून पाहिले आणि म्हणाल्या, "या वेळी बेरीज जुळली."

इथे येणाऱ्या मराठी माणसांना माझे शेवटचे सांगणे हिशेबाचेच आहे. काही छोटे मालक आणि कंत्राटदार असा प्रस्ताव ठेवतात : कागदावर किमान वेतन दाखवू, बाकीचे पाकिटातून हातात देऊ, कपात वाचेल. हे इथे जुने आहे आणि मोहाचेही आहे. ते घेऊ नका. त्या कपातीतूनही आज लेल्यांसारख्यांचे निवृत्तिवेतन जाते. १९९७ च्या हिवाळ्यात या पिढीने आपले सर्व काही गमावले, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या स्थिर चलनात आपण कमावतो, साठवतो, घरी पाठवतो. पूर्ण पगार कागदावर घ्या, भाड्याचा करार करा, कर भरा. परक्या देशाचे आपल्यावर असलेले देणे फेडण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही, आणि हिशेबनीस म्हणून मी ते देणे पहिल्या रकान्यात लिहिते.